वेदनेवर मात करणारा दंतवैद्य

भूल देण्याची सोय नव्हती त्या काळी रुग्णाला घट्ट धरून ठेवूनच त्याचा दात उपटला जाई. ही अगतिकता संपविण्याचा ध्यास घेतलेले अमेरिकी दंतवैद्य होरेस वेल्स यांचा जन्म २१ जानेवारी १८१५ रोजी व्हरमाँट राज्यात झाला. कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे ते व्यवसाय करीत. १० डिसेंबर १८४४ रोजी तेथे झालेल्या नायट्रस ऑक्साइडच्या, म्हणजेच हास्यवायूच्या जाहीर प्रयोगात, वायू हुंगलेल्या एका तरुणाच्या पायाला जखम झाली. परंतु त्याला वेदना जाणवली नाही. वेल्स यांनी हे अचूक हेरले व दुसऱ्याच दिवशी तो वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली.

जानेवारी १८४५ मध्ये बोस्टन येथे विद्यार्थ्यांसमोर त्यांनी हा प्रयोग केला. मात्र वायूची पिशवी लवकर दूर केली गेल्याने रुग्ण ओरडला आणि वेल्स भोंदू ठरले. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्यांचे एकेकाळचे भागीदार विल्यम मॉर्टन यांनी त्याच शहरात ईथरचा प्रयोग यशस्वी केला व श्रेय त्यांच्याकडे गेले. पुढे क्लोरोफॉर्म स्वतःवर वापरून पाहताना वेल्स यांचा मानसिक तोल ढळला. २४ जानेवारी १८४८ रोजी न्यूयॉर्कच्या तुरुंगात, वयाच्या अवघ्या ३३व्या वर्षी, त्यांनी जीवनयात्रा संपविली.

हास्यवायूमुळे मेंदूत शरीराचीच वेदनाशामक द्रव्ये स्रवतात व मज्जारज्जूतून येणारे वेदनेचे संदेश क्षीण होतात, हे नंतरच्या संशोधनातून दिसून आले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १८७० मध्ये भूल देण्याच्या शोधाचे श्रेय वेल्स यांना दिले. दंतचिकित्सेत व प्रसूतीच्या वेळी हा वायू आजही वापरला जातो.