ॲनी मूर : एलिस बेटावर उतरलेली पहिली मुलगी

थोर पुरुषांचीं चरित्रें आपण नेहमीं वाचतों. सेनापति, राजकारणी, शोधक यांच्याभोंवतीं लिहिणाऱ्यांचा तोटा नसतो. त्यांनीं केव्हां काय केलें हें कोणीतरी टिपून ठेविलेलें असतें. आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना ज्या बाईची हकीकत सांगणार आहों, तिनें लढाई जिंकली नाहीं कीं ग्रंथ लिहिला नाहीं. तिचें नांव गाजलें तें अवघ्या कांहीं मिनिटांच्या एका प्रसंगामुळें. आणि तो प्रसंग संपतांच ती अशी कांहीं दृष्टीआड झाली कीं, पुढें कित्येक वर्षें लोक दुसऱ्याच एका स्त्रीला ती समजून मान देत राहिले.

ॲनी मूर हिचा जन्म २४ एप्रिल १८७४ रोजीं आयर्लंडच्या दक्षिणेस कॉर्क परगण्यांत झाला. तिच्या जन्मापूर्वीं सुमारें तीस वर्षें, म्हणजे १८४५ सालीं, त्या देशांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. आपल्याकडील कुणब्याला भाकरी, तसा तेथील गरीब शेतकऱ्याला बटाटा. पीक काळें पडून जमिनींतच कुजलें, आणि हा प्रकार वर्षामागून वर्षें चालला. १८५२ पर्यंत सुमारें १० लक्ष माणसें उपासमारीनें व तापाच्या सांथीनें मेलीं. तितक्याहून अधिक माणसें देश सोडून गेलीं. दुष्काळ सरला, पण एकदां पडलेली परदेशाची वाट मोडली नाहीं. घरांत मूल जन्मलें कीं तें मोठें होऊन अमेरिकेस जाणार, असें धरूनच लोक चालूं लागले.

या देशांतराची एक रीत ठरून गेली होती. सारें कुटुंब एकदम निघत नसे, कारण तितक्या तिकिटांचे पैसे कोणापाशीं असत? आधीं घरांतलीं कर्तीं माणसें जात. तीं तिकडे मजुरी करून पैसा सांठवीत, आणि मग मागें राहिलेल्यांना बोलावून घेत. मूर कुटुंबानेंही तसेंच केलें. वडील मॅथ्यू व आई ज्यूलिया हीं उभयतां १८८८ सालीं मेरी व कॉर्नेलियस या दोन मोठ्या मुलांसह न्यूयॉर्कला गेलीं. ॲनी, अँथनी व फिलिप हीं तीन धाकटीं भावंडें आयर्लंडांतच राहिलीं. ॲनी तेव्हां चौदा वर्षांची होती. आईबाप समुद्रापलीकडे, आणि दोन लहान भावांची ती थोरली बहीण! पुढचीं तीन वर्षें तिनें कशीं काढलीं असतील याची कल्पना आमच्या विद्यार्थिनींना सहज करतां येईल. विशेषतः ज्यांच्यावर धाकट्यांना सांभाळण्याचें काम पडतें त्यांना.

अखेर १८९१ च्या डिसेंबरांत तीं तिघें निघालीं. कॉर्कजवळच्या क्वीन्सटाउन बंदरांत (त्याला आज कोव्ह म्हणतात) २० तारखेस तीं नेवाडा नांवाच्या आगबोटीवर चढलीं. तिकीट अर्थातच तळच्या वर्गाचें, जेथें गरीब उतारू दाटीवाटीनें भरलेले असत. नाताळचा सण त्यांनीं ऐन हिवाळ्यांत अटलांटिक महासागरावर काढला. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळीं नेवाडा न्यूयॉर्क बंदरांत शिरली, पण उतारूंना उतरवून घेण्याची वेळ टळून गेली होती. ती एक दिवस आधीं पोंचली असती तर तीं मुलें जुन्या कचेरींतून निमूटपणें बाहेर पडलीं असतीं, आणि हा लेख लिहिण्याचें आम्हांस कांहींच कारण पडलें नसतें.

कारण दुसऱ्या दिवशीं, १ जानेवारी १८९२ रोजीं, अमेरिकन सरकारनें परदेशांतून येणाऱ्या लोकांच्या तपासणीसाठीं एलिस बेटावर बांधलेलें नवें ठाणें उघडलें. स्वातंत्र्यदेवतेच्या प्रसिद्ध पुतळ्याशेजारींच हें लहानसें बेट आहे. त्या सकाळीं नव्या लांकडी इमारतींत पाऊल टाकणारी आणि नोंदवहींत जिचें नांव पहिलें चढलें ती व्यक्ति म्हणजे ॲनी मूर. तिच्या मागोमाग तिचे दोन भाऊ होते. ठाण्याचे प्रमुख कर्नल जॉन वेबर यांनीं तिचें स्वागत करून तिच्या हातांत १० डॉलरांचें सोन्याचें नाणें ठेविलें. पुढें पुढें अशीही एक कथा रूढ झाली कीं, रांगेंत आधीं एक जर्मन गृहस्थ उभा होता, पण त्याला बाजूस सारून ॲनीला पुढें करण्यांत आलें. वृत्तपत्रांनीं लिहिलें कीं त्या दिवशीं तिचा पंधरावा वाढदिवस होता. वास्तविक तिला सतरा वर्षें पुरीं होऊन गेलीं होतीं, आणि वाढदिवसाला चार महिने अवकाश होता! गोष्ट गोड व्हावी म्हणून बातमीदारानें केलेली ही भर, कीं गडबडींत झालेली चूक, तें असो. पण छापलेलें सारेंच खरें नसतें हें येथेंच लक्षांत ठेवावें, पुढें तें उपयोगीं पडणार आहे. त्या दिवशीं सुमारें ७०० माणसें त्या ठाण्यांतून आंत गेलीं. १९५४ सालीं तें बंद झालें तोंपर्यंत १ कोटि २० लक्षांवर गेलीं.

तीं तिघें भावंडें मॅनहॅटनमधील मन्रो रस्त्यावरच्या ३२ क्रमांकाच्या घरीं आईबापांकडे पोंचलीं, आणि तेथें ॲनीची प्रसिद्धि संपली. पुढें जेव्हां अमेरिकेंतील लोकांना आपल्या पूर्वजांविषयीं जिज्ञासा वाटूं लागली, तेव्हां साहजिकच प्रश्न निघाला कीं, त्या पहिल्या मुलीचें झालें तरी काय? उत्तरही तयार होतें. टेक्सस प्रांतांत ॲनी मूर नांवाची एक स्त्री होऊन गेली होती. ती पश्चिमेकडे गेली, ओकॉनेल नांवाच्या आयरिश गृहस्थाशीं तिचा विवाह झाला, आणि फोर्ट वर्थ शहराजवळ रस्त्यावरच्या ट्रामगाडीखालीं सांपडून तिला मृत्यु आला. हीच एलिस बेटावरची ॲनी, असें तिच्या घरचे लोक मनापासून मानीत होते. त्यांत लबाडी मुळींच नव्हती. पुस्तकांनीं ती हकीकत उचलली, तिच्या वंशजांना मानानें समारंभांना बोलावण्यांत आलें. ती कथा ऐकावयास सुरेखच होती: बंदरावर उतरलेली मुलगी मोकळ्या मैदानी मुलखांत जाते, आणि तिचें आयुष्य नव्या देशाच्या विस्ताराबरोबर पुढें सरकतें. मॅनहॅटनच्या गल्लींतल्या गरिबीपेक्षां हें कोणालाही अधिक रुचावें.

मेगन स्मोलेन्याक नांवाच्या वंशावळी शोधणाऱ्या अमेरिकन विदुषीनें सुमारें २००२ सालीं एका चित्रपटाच्या निमित्तानें हे कागद चाळावयास घेतले, तेव्हां तिला एक साधी गोष्ट आढळली. अमेरिकेच्या जुन्या जनगणनांत १८५० पासून माणसाचें जन्मस्थळ लिहिलें जात असे. टेक्ससच्या ॲनीविषयींचे जे जे कागद मिळाले, त्यांत जन्मस्थळ होतें इलिनॉय, म्हणजे अमेरिकेंतलाच एक प्रांत! जी अमेरिकेंतच जन्मली ती आयर्लंडहून पहिली येणार कशी? इतक्या वर्षांत तो रकाना पाहण्याचें कोणाच्या मनांत आलें नव्हतें.

मग खरी ॲनी कोठें शोधावयाची? हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरास गेलेल्या यात्रेकरूला क्षेत्रोपाध्याय जुनी वही उघडून त्याच्या पणजोबांचें नांव दाखवितात. परंतु देश सोडून आलेल्या आयरिश मजुराची अशी एक वही नसते, आणि ज्या वह्या होत्या त्यांवर अग्नीची विशेष वक्रदृष्टि. आयर्लंडमधील १८८१ व १८९१ च्या जनगणनेचीं पत्रकें पहिल्या महायुद्धाच्या काळांत सरकारनेंच रद्दींत काढलीं. आणि ३० जून १९२२ रोजीं डब्लिन येथें यादवी युद्धांत सरकारी दफ्तरखाना उडाला, त्यांत शेंकडों वर्षांचे कागद भस्म झाले. इकडे अमेरिकेंत १८९० च्या जनगणनेचीं बहुतेक पत्रकें १९२१ सालीं वॉशिंग्टन येथें लागलेल्या आगींत जळालीं किंवा पाण्यानें भिजून नासलीं. मॅथ्यू व ज्यूलिया मूर न्यूयॉर्कला येऊन दोन वर्षें झालेलीं, तेव्हांची हीच ती जनगणना. एलिस बेटावरची लांकडी इमारतसुद्धां जून १८९७ मध्यें जळून गेली व तिच्याबरोबर तेथील दफ्तरही. सुदैवानें जकात खात्याकडे असलेल्या जहाजांच्या याद्या निराळ्या जागीं होत्या, म्हणून नेवाडाची यादी वांचली. आयर्लंडांतही १८६४ पासूनच्या जन्ममृत्यूंच्या नोंदी व गांवोगांवच्या देवळांत ठेविलेल्या बाप्तिस्म्याच्या वह्या दुसरीकडे असल्यामुळें बचावल्या. जुन्या कुटुंबाचा माग काढणारा जो कोणी असेल, त्याला अशा वांचलेल्या तुकड्यांवरच भागवावें लागतें.

शिवाय मूर हें आडनांव इतकें सर्वसाधारण कीं, न्यूयॉर्कमध्यें ॲनी मूर या नांवाच्या मुली कितीतरी निघाव्या. त्यांतून बाई लग्न करते, आडनांव बदलतें, आणि कागदांतला धागा तेथेंच तुटतो. पुरुषाचें तसें नाहीं. म्हणून शोध करावयाचा तो बहिणीचा नव्हे, भावाचा, ही युक्ति कामास आली. स्मोलेन्याकबाईंनीं २००६ सालीं खऱ्या ॲनीचा पत्ता लावणारास १,००० डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. न्यूयॉर्क शहराच्या दफ्तरखान्याचे प्रमुख अधिकारी ब्रायन अँडरसन यांनीं जुन्या कागदांतून धाकटा भाऊ फिलिप याचे नागरिकत्वाचे कागद हुडकून काढले. एकदां फिलिप हातीं लागला, तेव्हां जनगणनेच्या पत्रकांवरून त्याचे वंशज सांपडले, आणि त्यांच्यावरून बहीण. कांहीं आठवड्यांतच काम झालें. बहिणीचा हात धरून बेटावर उतरलेल्या त्या लहान मुलानें, एकशें चौदा वर्षांनंतर, तिला परत आणून दिलें असेंच आम्हांस म्हणावेंसें वाटतें.

आणि मग खरें चरित्र उघड झालें. ॲनी पश्चिमेस कधींच गेली नव्हती. ती न्यूयॉर्कच्या त्याच गरीब वस्तींत, आईबापांच्या घरापासून हांकेच्या अंतरावर आयुष्यभर राहिली. १८९५ सालीं तिनें जोसेफ शायर नांवाच्या तरुणाशीं लग्न केलें. हा जर्मन घराण्यांतला. फुल्टन येथील मासळीबाजारांत विक्रेता म्हणून कामास होता. तिला निदान अकरा मुलें झालीं. त्यांतलीं पांचच मोठीं झालीं. त्या काळच्या वस्तींत एकेका खोलींत सबंध बिऱ्हाड असे. हवा नाहीं, उजेड नाहीं, आणि क्षय, घटसर्प यांचा सुळसुळाट. अमेरिकेच्या १९०० व १९१० च्या जनगणनेंत विवाहित बाईला विचारीत कीं, तुला मुलें किती झालीं व त्यांपैकीं जिवंत किती. दोन रकाने, दोन आंकडे. कारकून ते लिहून पुढच्या बिऱ्हाडाकडे वळे. ॲनीच्या शेजारपाजारच्या किती आयांना हे दोन आंकडे निराळे सांगावे लागले असतील, तें तीं पत्रकें उघडणारास आजही मोजतां येतें.

६ डिसेंबर १९२४ रोजीं हृदयविकारानें तिचें निधन झालें. तेव्हां ती पन्नास वर्षांची होती. क्वीन्स भागांतील कॅल्व्हरी दफनभूमींत, तिच्या आधीं गेलेल्या कांहीं लेंकरांजवळ तिला पुरण्यांत आलें. थडग्यावर नांव घालावयास पैसा नव्हता, म्हणून दगड बसला नाहीं. तिच्या वांचलेल्या मुलांचा वंश मात्र वाढला. त्यांच्या पुढच्या पिढ्यांत आयरिश, जर्मन, ज्यू, इटालियन व स्कँडिनेव्हियन अशीं नाना आडनांवें आज आढळतात.

१९९३ सालीं आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षा मेरी रॉबिन्सन यांच्या हस्तें ॲनीचे दोन पुतळे उभे राहिले होते: एक कोव्हच्या धक्क्यावर दोन्ही भावांसह, दुसरा एलिस बेटावर, एकटीचा. त्या वेळीं तिच्या खऱ्या थडग्यावर गवताखेरीज कांहीं नव्हतें, आणि तें थडगें कोठें आहे हेंही पुतळे उभारणारांस ठाऊक नव्हतें. २००६ च्या ऑगस्टमध्यें तें सांपडलें. पुढें दोन वर्षांनीं, ११ ऑक्टोबर २००८ रोजीं, आयर्लंडांतून आणलेल्या निळसर चुनखडीच्या दगडाचा एक क्रूस तेथें बसविण्यांत आला, आणि मृत्यूनंतर चौऱ्यांशीं वर्षांनीं ॲनी मूरचें नांव तिच्या स्वतःच्या थडग्यावर कोरलें गेलें.