मार्कोनीने ऐकलेले तीन ठिपके

लासूर स्टेशनसारख्या गावी पावसाळी रात्री मध्यम लहरींवरील एखादे दूरचे आकाशवाणी केंद्र लावले, तर निवेदकाच्या आवाजाबरोबर खरखरही ऐकू येते. वीज चमकली की तीत कडकडाटाची भर पडते. आपल्याला हवा असतो तो संकेत आणि नको असते ती खरखर म्हणजे रव. संकेताची शक्ती रवाच्या शक्तीच्या किती पट आहे, हे सांगणाऱ्या संख्येस संकेत-रव गुणोत्तर म्हणतात. रेडिओचा कान पिळून आवाज मोठा केला, तरी हे गुणोत्तर सुधारत नाही. कारण संकेताबरोबर रवही वाढतो. ते फार घसरले, की शब्द कोणता व खरखर कोणती, हे कानाला कळेनासे होते. गुग्लिएल्मो मार्कोनी याला जन्मभर याच अडचणीशी झुंजावे लागले.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या नगरात झाला. वडील इटालियन, तर आई आयरिश होती. हर्ट्झने दाखवून दिलेल्या विद्युत्-चुंबकीय लहरींचे त्याला वेडच लागले. १८९५ मध्ये त्याने घरापासून टेकडीपलीकडे संकेत पाठविला. तो पोहोचल्याची खूण म्हणून पलीकडून बंदुकीचा बार निघाला. त्याच सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनीही अशा लहरींच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजवून दाखविली होती. पुढील वर्षी मार्कोनी इंग्लंडला गेला.

आता त्याला अटलांटिक महासागर ओलांडावयाचा होता. लहरी सरळ जातात आणि पृथ्वी तर गोल आहे, तेव्हा हे घडणे नाही, असे बहुतेक विद्वानांचे मत होते. इंग्लंडमधील पोल्डू येथे उभारलेले उंच खांब १९०१ च्या सप्टेंबरात वादळाने कोसळले. तरी तेथे साधेच खांब पुन्हा उभारून मार्कोनी न्यूफाउंडलंडला गेला. तेथील सोसाट्याच्या वाऱ्यात त्याने पतंगाला तार बांधून ती आकाशात चढविली. पोल्डूहून इंग्रजी एस या अक्षराचे तीन ठिपके पुनःपुन्हा पाठविले जात होते. १२ डिसेंबरच्या दुपारी साडेबाराच्या सुमारास, कानाला लावलेल्या श्रवणयंत्रात मार्कोनीला ते तीन ठिपके ऐकू आले. त्याने यंत्र सहकारी केंप याच्या हाती दिले. त्यालाही ते ऐकू आले.

बातमीने जगात खळबळ उडाली. पण शंकाही निघाल्या. कागदी पट्टीवर काहीच उमटले नव्हते. साक्षीदार दोघेच, आणि काय ऐकावयाचे हे दोघांनाही आधीच ठाऊक! शिवाय सूर्यप्रकाशामुळे वातावरणाच्या वरच्या थरात असे फेरफार होतात, की त्या लांबीच्या लहरी दिवसा फार क्षीण होतात. त्या दुपारी संकेत-रव गुणोत्तर अत्यंत कमी असले पाहिजे. मार्कोनीने ऐकले ते पोल्डूचे ठिपके की आकाशातील कडकड, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही.

मार्कोनी वाद घालीत बसला नाही. १९०२ च्या फेब्रुवारीत त्याने फिलाडेल्फिया या जहाजावर पट्टीवर ठिपके उमटविणारे यंत्र नेले. रात्री ३,००० किलोमीटरांहून दूरचे ठिपके उमटले. दिवसा मात्र मजल सुमारे १,१०० किलोमीटरच! कप्तानाने साक्षीदार म्हणून सही केली. या वेळचा पुरावा डोळ्यांनी पाहता येण्याजोगा होता.

१९०९ मध्ये त्याला ब्राउन या शास्त्रज्ञासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. १९१२ मध्ये टायटॅनिक जहाज बुडाले, तेव्हा बिनतारी हाकेमुळेच सातशेहून अधिक माणसे वाचली.

पुढे त्याने लघुलहरींकडे लक्ष वळविले. या लहरींवर विजांचा रव कमी असतो. शिवाय चहूकडे विखुरणारी शक्ती विशिष्ट रचनेच्या तारांनी एकाच दिशेस वळविली, की संकेतही बलवान होतो. म्हणजे गुणोत्तर दोन्ही बाजूंनी सुधारते. १९२७ मध्ये याच पद्धतीने इंग्लंड व हिंदुस्थान जोडले गेले. आपल्याकडील संदेश पुण्याजवळच्या खडकीहून निघत आणि तिकडून आलेले दौंड येथे घेतले जात. दोन्ही केंद्रे एकाच जागी असती, तर आपल्याच प्रेषकाच्या गर्जनेत इंग्लंडचा क्षीण संकेत बुडून गेला असता.

२० जुलै १९३७ रोजी रोम येथे मार्कोनीचे निधन झाले. त्याच्या सन्मानार्थ ब्रिटनमधील बिनतारी केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबविले. तेवढा वेळ तेथील श्रवणयंत्रांत संकेत नव्हता. होता तो केवळ रव.