पुतळा गेला, चौथरा राहिला: पॅरिसची शून्य रेषा मोजणारा आरागो

फोनवर लोकेशन बघितलं की दोन आकडे दिसतात: अक्षांश आणि रेखांश. अक्षांशाचं शून्य म्हणजे विषुववृत्त, ते निसर्गानेच ठरवलंय. रेखांशाचं शून्य मात्र माणसांनी ठरवायचं होतं, म्हणून मोठ्या देशांनी आपापलं शून्य धरलं. फ्रान्सचं शून्य पॅरिसच्या वेधशाळेतून जायचं. त्याच रेषेवर, वेधशाळेच्या दक्षिणेला, एका पुतळ्याचा दगडी चौथरा आहे. तो पुतळा कुणाचा होता हे शोधताना मला फ्रान्स्वा आरागो सापडला.

बॅकअप नसलेला डेटा

आरागोचा जन्म १७८६ चा, दक्षिण फ्रान्समधला. विशीतच त्याच्यावर काम आलं: पॅरिसची रेषा स्पेनच्या बेटांपर्यंत मोजत न्यायची. याच कामात मेशां हा ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ १८०४ मध्ये स्पेनमध्ये तापाने गेला होता.

पद्धत साधी, पण मेहनतीची. डोंगरमाथ्यांवर रात्री दिवे लावायचे आणि एका माथ्यावरून दुसऱ्यांचे कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले की बाकी अंतरं गणिताने निघतात.

१८०८ मध्ये नेपोलियनचं सैन्य स्पेनमध्ये घुसलं. मायोर्का बेटावरच्या लोकांना वाटलं, हा फ्रेंच माणूस दिव्यांनी शत्रूला इशारे देतोय! आरागो किल्ल्यात कैद झाला. तिथून निसटून तो होडीने अल्जीयर्सला पोहोचला. मग फ्रान्सकडे निघालेलं त्याचं जहाज स्पॅनिश लोकांनी पकडलं आणि पुन्हा कैद. सुटून निघाला, तर मार्सेय बंदर जवळ आलं असताना वादळाने जहाज परत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फेकलं. अखेर जुलै १८०९ मध्ये तो मार्सेयला पोहोचला.

या सगळ्यात त्याने मोजमापांचे कागद सांभाळून आणले. ते हरवले असते तर सगळं काम पहिल्यापासून करावं लागलं असतं. त्याच वर्षी, २३ व्या वर्षी, तो फ्रेंच विज्ञान अकादमीचा सदस्य झाला.

कॅमेरा आणि गुलामगिरी

पुढे तो वेधशाळेचा प्रमुख झाला. १८३९ मध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत त्यानेच अकादमीत जाहीर केली. सरकारने दागेरला पेन्शन देऊन ती सर्वांसाठी खुली करावी, यासाठीही तो झटला. १८४८ मध्ये तो मंत्री असताना फ्रेंच वसाहतींमधली गुलामगिरी रद्द झाली. १८५३ मध्ये तो वारला.

मग शून्य कुठे गेलं?

१८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत ग्रीनिचचं शून्य निवडलं गेलं. फ्रान्सने मतदानच केलं नाही आणि १९११ पर्यंत देशाचं घड्याळ पॅरिसप्रमाणेच चालवलं. आरागोचा ब्राँझचा पुतळा १८९३ मध्ये उभा राहिला. १९४२ मध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, धातूसाठी तो वितळवला गेला. उरला तो चौथरा. १९९४ मध्ये यान डिबेट्स या डच कलाकाराने त्याची आठवण म्हणून पॅरिसभर या रेषेवर ब्राँझच्या १३५ चकत्या बसवल्या. प्रत्येक चकती १२ सेंटीमीटरची, त्यावर आरागोचं नाव.

आणि गंमत म्हणजे ग्रीनिचच्या प्रसिद्ध पट्टीवर उभे राहिलात तरी तुमचा फोन रेखांश शून्य दाखवणार नाही. जीपीएसचं शून्य तिथून साधारण १०२ मीटर पूर्वेला आहे. म्हणजे ग्रीनिचचं शून्यही थोडं सरकलंच!