पुण्याईकडून कृपेकडे : पंडिता रमाबाईंचा प्रवास

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे स्थानक आहे. या गावाजवळच्या माळावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी 'मुक्ती' ही वसाहत उभारली. तिच्यात विधवांसाठी शारदासदन होते, दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींची घरे होती, अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविण्याची सोय होती. तेथेच आणखी एक घर होते. समाजाने ज्यांना पतित ठरवून दार लावून घेतले होते, अशा स्त्रियांना त्या घरात आसरा मिळे. त्याचे नाव होते कृपासदन.

संस्कृत ग्रंथांत पारंगत असलेल्या या विदुषीने 'कृपा' हा शब्द सहज निवडला असेल, असे म्हणता येणार नाही. या शब्दाचा अर्थ कळण्यासाठी त्यांना आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे द्यावी लागली होती. स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या म्हणून रमाबाई महाराष्ट्राला परिचित आहेत. धर्मांतराच्या वादामुळेही त्यांचे नाव घेतले जाते. मात्र बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांचा शोध संपला नव्हता आणि तारणाचा जो अर्थ पुढे त्यांच्या कार्याचा पाया ठरला, तो त्यांना आठ वर्षांनंतर गवसला, ही बाब फारशी सांगितली जात नाही.

तीर्थाटनातील बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न चित्पावन ब्राह्मण. पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविण्याचा हट्ट त्यांनी धरला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. आईनेच पुढे रमेला संस्कृतचे धडे दिले. आतिथ्य आणि दानधर्म यांत घरची संपत्ती सरली तेव्हा हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, श्रोते देतील त्यावर गुजराण करायची आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरायची, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. अंगमेहनतीचे काम किंवा चाकरी करणे शास्त्र्याच्या घराला शोभणारे नव्हते. व्रते, उपवास, स्नाने, ब्राह्मणभोजने यांतून पुण्य जोडावे आणि त्या पुण्याईवर इहलोक-परलोक साधावा, ही घरातील निष्ठा होती.

दुष्काळाने या निष्ठेची परीक्षा पाहिली. हाताशी उरलेला पैसाही देवकार्यात गेला. भांडीकुंडी, दागिने विकले गेले. झाडपाल्यावर दिवस काढण्याची वेळ आली. अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला. मुलगा श्रीनिवास मोलमजुरी करायला तयार झाला तेव्हा तो बेत मागे पडला. पण शरीर खंगले होते. १८७४ साली वडील गेले, काही आठवड्यांतच आई गेली आणि पुढे थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. आईची तिरडी उचलायला चार खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे पुढे आले, तिसरा खांदा श्रीनिवासने दिला आणि चौथी बाजू सोळा वर्षांच्या रमेने उचलली. उंची कमी पडत असल्याने तिला ते लाकूड डोक्यावर धरावे लागले.

बहीण-भाऊ त्यानंतरही चालत राहिले. पंजाबातील कडाक्याच्या थंडीत झेलमच्या काठी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. क्षेत्रे झाली, स्नाने झाली. दैव मात्र उघडले नाही. व्रतवैकल्यांवरचा त्यांचा विश्वास याच वाटेवर हळूहळू ढळला.

पंडिता झाली, प्रश्न राहिला

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यात पोचली. वीस वर्षांच्या या मराठी मुलीचे संस्कृतवरील प्रभुत्व पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी वेदांच्या अभ्यासाकडे तिचे लक्ष वळविले. या काळातील वाचनातून मात्र वेगळाच पेच उभा राहिला. स्त्री आणि शूद्र यांना स्वतःच्या अधिकाराने मोक्ष नाही, त्यांच्यासाठी वाट आहे ती पुढच्या जन्माची किंवा पतिसेवेची, असा धर्मशास्त्रांचा एकमुखी निर्वाळा असल्याचे रमाबाईंचे मत झाले. सरस्वती म्हणून गौरविलेल्या स्त्रीला त्याच शास्त्रांत मुक्तीचा दरवाजा बंद दिसत होता.

१८८० साली श्रीनिवासचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर शूद्र, वधू ब्राह्मण. त्या काळी हे अघटितच होते. आसामातील सिल्चर येथे संसार सुरू झाला. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. तिने कुतूहल जागे केले; पण पत्नीने ख्रिस्ती व्हावे, हे मेधावींना मान्य नव्हते. कन्या मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने त्यांचे निधन झाले.

चोविसाव्या वर्षी विधवा झालेल्या रमाबाई पुण्यात आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाचे प्रकाशन आणि हंटर आयोगापुढील साक्ष हे सारे १८८२ या एकाच वर्षातील. पुण्याच्या सुधारकांना त्यांच्या रूपाने नेतृत्व मिळाले होते. नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे या ख्रिस्ती झालेल्या पंडितांच्या विचारांशी त्यांचा संबंध आला तोही याच सुमारास.

फुलहॅमचे दर्शन

वैद्यकीय शिक्षण घ्यावे, या हेतूने १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या उतरल्या. या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आपली शाखा दाखविली. तेथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृह होते. ज्यांची सावलीही समाज टाळत असे, अशा स्त्रियांना भगिनी आपुलकीने वागवीत होत्या आणि त्यांतील काही आता स्वतः आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. या वागण्याचे मूळ कशात आहे, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. विहिरीवर एकटी पाणी भरायला येणारी, बदलौकिकाची, परक्या जमातीची ती स्त्री. आणि तिच्याशी धर्माच्या गाभ्याविषयी बोलणारा येशू. शास्त्रांनी न उघडलेला दरवाजा त्यांना या कथेत उघडा दिसला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा इंग्लंडमध्येच दुर्दैवी अंत झाला होता. त्या दुःखाच्या छायेतच हा निर्णय झाला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी चर्चच्या स्वाधीन केली नाही. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात संस्कृत शिकविताना आणि स्वतः शिकताना त्यांनी त्रैक्याच्या सिद्धान्तावर शंका काढल्या. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्यापेक्षा संस्कृत का नसावीत, असा प्रश्न केला. शाकाहार सोडला नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा या साऱ्यावर दीर्घ पत्रव्यवहार झाला. बुद्धीने धर्म स्वीकारला होता, तरी मनाला हवी असलेली शांती लाभली नव्हती.

बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षे

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दैन्यावर लिहिलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावाची संस्था स्थापन झाली आणि तिच्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे तेव्हाच्या गोदूबाई, या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. पुढच्या वर्षी सदन पुण्यात आले. कीर्ती होती, काम होते, चर्चचे सभासदत्व होते. तरीही देवाने आपल्याला स्वीकारले आहे, ही खात्री नव्हती.

अशा मनःस्थितीत, १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मचरित्र त्यांच्या हाती आले. कॉर्नवॉलमध्ये वर्षानुवर्षे चर्चची सेवा करणाऱ्या हॅस्लम यांना १८५१ साली स्वतःच प्रवचन देत असताना आपण आजवर खरे ख्रिस्ती नव्हतो, याचा साक्षात्कार झाला होता. रमाबाईंना त्या पानांत आपलीच कहाणी दिसली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु त्या धर्माचा जो प्राण आहे तो ख्रिस्त मिळालेला नाही, असे त्यांना कळून चुकले. बाप्तिस्मा, प्रार्थना, संस्कार, सत्कार्ये यांची शिदोरी बांधून आपण पुन्हा पुण्यसंचयच करीत होतो. केवळ तीर्थे बदलली होती.

त्यांनी बायबल नव्याने वाचले. प्रेषित पौलाने रोमकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांचा गाभा हाच आहे की, माणूस आपल्या कर्मांच्या बळावर देवापुढे निर्दोष ठरू शकत नाही. ख्रिस्ताने वधस्तंभावर मरण पत्करून माणसाच्या पापाचे देणे फेडले. म्हणून तारण ही देवाची देणगी आहे. ती विकत घेता येत नाही, कमावता येत नाही. विश्वासाने ती स्वीकारायची असते. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी याच शिकवणीच्या बळावर युरोपातील धर्मसत्तेला हादरा दिला होता. उपवास आणि आत्मक्लेश करूनही शांती न मिळालेला तो जर्मन संन्यासी आणि अनवाणी भारतभ्रमण करूनही रिकाम्या हाताने परतलेली ही मराठी कन्या एकाच उत्तरापाशी पोचले होते.

रमाबाईंना या उत्तराची ओढ वाटली त्याचे कारण त्यांच्या पूर्वायुष्यात आहे. पुण्य कमवायचे तर अधिकार लागतो, विद्या लागते, दान द्यायला पैसा लागतो. आणि जन्मही योग्य घरी व्हावा लागतो. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही, त्याच्यासाठी कृपेवाचून दुसरी वाट नव्हती. मग विधवा, अस्पृश्य, अनाथ आणि पतिता यांची पायरी पंडितेच्या पायरीहून खालची कशी म्हणावी?

किंमत मोजावी लागली

या नव्या निष्ठेची किंमत लगेचच मोजावी लागली. शारदासदनात धर्मप्रसार होणार नाही, या हमीवर पुण्याच्या सुधारकांनी त्याला पाठिंबा दिला होता. रमाबाई कोणावर सक्ती करीत नव्हत्या; परंतु आपली प्रार्थना दार बंद करून करायलाही त्या तयार नव्हत्या. काही मुली त्या प्रार्थनेला बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रा. गो. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. सुधारकांना हा विश्वासभंग वाटला, तर रमाबाईंना तो आपल्या श्रद्धास्वातंत्र्याचा प्रश्न वाटला. कोवळ्या वयाच्या, निराधार मुलींवर आश्रयदात्रीच्या श्रद्धेचा प्रभाव पडणारच, हा आक्षेप निराधार नव्हता, हेही नमूद करायला हवे. पुणे आणि रमाबाई यांच्यातील ही तेढ त्यांच्या हयातीत मिटली नाही.

केडगावचा माळ

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. भुकेने सैरभैर झालेल्या मुलींमध्ये त्यांना आपलीच सोळा वर्षांची मूर्ती दिसली असल्यास नवल नाही. सुमारे ३०० मुली आणि स्त्रियांना त्यांनी आणले. त्यांची जात विचारली नाही, पूर्वचरित्र विचारले नाही. केडगावच्या जमिनीवर विहिरी खणल्या गेल्या, मळे फुलले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तेथील संख्या दीड हजाराच्या वर गेली. शेती, विणकाम, तेलघाणी, स्वयंपाक, शिक्षण, छपाई अशी सारी कामे स्त्रियाच करीत. ज्या घरात अंगमेहनत निषिद्ध होती, त्या घरच्या मुलीने उभारलेल्या संस्थेत श्रमाला प्रतिष्ठा मिळाली.

तारण कर्माने मिळत नसेल तर मग एवढे कष्ट कशासाठी, असा प्रश्न या शिकवणीला नेहमीच विचारला जातो. केडगावने त्याला दिलेले उत्तर प्रत्यक्षातले होते. सत्कृत्य हे तारणाचे मोल नसून त्याचे फळ आहे; जे फुकट मिळाले ते फुकट द्यायचे, अशी रमाबाईंची धारणा होती. फुलहॅममध्ये पाहिलेले आश्रयगृह कृपासदनाच्या रूपाने मराठी मुलखात उभे राहिले ते याच धारणेतून.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषा आत्मसात केल्या आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. उपलब्ध भाषांतरातील संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातील बाईला कळत नाही, असे त्यांना वाटे. म्हणून संस्कृतच्या या पंडितेने जाणीवपूर्वक साध्या बोलीची वाट धरली. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनीच खिळे जुळविले.

सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. दोन वर्षांनी, २४ जुलै १९२१ रोजी, कार्याची वारसदार मानलेली मनोरमा गेली. आई-वडील, बहीण, भाऊ, पती आणि शेवटी एकुलती एक मुलगी, अशी सारी माणसे गमावूनही रमाबाईंनी काम सोडले नाही. अखेरच्या दिवसांपर्यंत त्या भाषांतराची मुद्रिते तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय टपाल खात्याने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आईच्या अंत्ययात्रेला चौथा खांदेकरी मिळाला नव्हता, त्या मुलीने केडगावात हजारो निराधारांचा भार उचलला. तो पेलण्याचे श्रेय मात्र त्यांनी स्वतःच्या पुण्याईला कधी दिले नाही.