मिठाचा ताळेबंद

आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून समुद्र तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. इथल्या मुलीने समुद्रविज्ञान शिकायचे म्हटले, की घरचे हसतात. अशा घरांसाठी डॉ. एन. केशव पणिक्करांचे आयुष्य सांगावेसे वाटते.

केरळात 1913 साली जन्मलेले पणिक्कर 1940 च्या सुमारास इंग्लंडात, प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत, कोळंबीचा अभ्यास करीत होते. खाडीचे पाणी कधी खारे, कधी मचूळ. तरी कोळंबी रक्तातले मीठ कसे सांभाळते, हा त्यांचा प्रश्न. बँकेत आयुष्य घालवलेल्या मला हा मिठाचा ताळेबंद भारी आवडतो.

पण त्यांचे मोठेपण पुढचे. हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय पाहणी 1965 पर्यंत चालली. तीत भारताच्या कामाची धुरा त्यांच्याकडे होती. देशोदेशींच्या जहाजांनी जाळ्यांत धरलेले सूक्ष्म जीव कोचीनच्या केंद्रात आले. ते निवडता-ओळखता आपली तरुण माणसे या शास्त्रात तयार झाली. पुढे 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. पणिक्कर तिचे पहिले संचालक. तिचे मुख्यालय आज गोव्यात, दोना पावला येथे आहे.

पणिक्कर 1977 साली गेले. कोचीनच्या त्या टेबलांवर महासागर बाटल्यांतून आला होता, तरी माणसे घडली. आपल्या मुली तर ओहोटीच्या चिखलात स्वतः उतरायला तयार आहेत. त्यांना जाऊ द्यावे.