शंखाला नाव देणारे लामार्क

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या देवघरात शंख असतो. रोज त्याची पूजा होते. पण शंख म्हणजे समुद्रातल्या एका गोगलगायीचे घर आणि तिचे शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम, हे आम्हाला शाळा सोडून कितीतरी वर्षांनी कळले. यातील टर्बिनेला हे प्रजातीचे नाव १७९९ साली फ्रान्समधील जाँ-बाप्तिस्त लामार्क यांनी दिले. जिराफाची मान लांब कशी झाली हे शिकताना ज्यांचे मत चुकीचे म्हणून सांगितले जाते, तेच हे लामार्क.

त्यांचा जन्म १ ऑगस्ट १७४४ रोजी उत्तर फ्रान्समधील एका खेड्यात झाला. घराणे मानाचे पण हात आखडता, अकरा भावंडांत हे शेंडेफळ. वडिलांनी धर्मगुरू होण्यासाठी शिकायला घातले. वडील गेल्यावर मुलगा घोडा घेऊन थेट रणांगणावर पोचला! पुढे मानेच्या दुखण्यामुळे सैन्य सोडावे लागले. पॅरिसमध्ये वनस्पतींचा नाद लागला, फ्रान्समधील वनस्पतींवर तीन खंडांचा ग्रंथ झाला आणि नावही झाले.

खरी परीक्षा पुढेच होती. १७९३ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, पॅरिसच्या राजोद्यानाचे संग्रहालय झाले. तेथे लामार्क यांच्या वाट्याला कीटक आणि कृमी हा विषय आला. वनस्पती सोडून पन्नाशीच्या उंबरठ्यावर नवा विषय! त्या काळी कणा नसलेल्या प्राण्यांकडे फारसे कोणी लक्ष देत नसे. लिनियस यांनी तर कीटक वगळून बाकीचे बहुतेक सारे कृमी या एकाच गटात कोंबले होते. लामार्क यांनी ते निवडून वेगळे करायला घेतले. अपृष्ठवंशीय ही कल्पना आज आपण पुस्तकात सहज वाचतो, ती त्यांचीच.

आपल्या शंखाचेच पाहा. लिनियस यांनी १७६७ साली त्याला व्होल्युटा या प्रजातीत घातले होते. कारण एवढेच, की शंखाच्या आत मधोमध जो खांब असतो, त्यावर वळ्या दिसतात. तशा वळ्या असलेले कितीतरी प्राणी त्या प्रजातीत जमा झाले होते. लामार्क यांनी बारकाईने पाहिले. खऱ्या व्होल्युटाच्या तोंडाशी खालच्या बाजूला नुसती खाच असते, शंखाला मात्र पन्हळीसारखी नळी असते. वळ्याही आडव्या. म्हणून त्यांनी शंखाची प्रजाती वेगळी केली. टर्बिनेला म्हणजे छोटा भोवरा, आणि लिनियस यांनी दिलेले पायरम म्हणजे नासपती. शंख हातात धरला की दोन्ही नावे पटतात. लामार्क यांनी पुढे या प्रजातीत घातलेल्या काही गोगलगायी नंतरच्या अभ्यासकांनी बाहेर काढल्या. वर्गीकरणात असे चालायचेच. आपला शंख मात्र आजही तेथेच आहे. रामेश्वर-तुतिकोरीनकडच्या मन्नारच्या आखातात तो सापडतो, तसाच कच्छच्या आखातातही.

अपृष्ठवंशीय प्राण्यांवरील त्यांचा सात खंडांचा मोठा ग्रंथ १८१५ ते १८२२ या काळात निघाला. तो पुरा होण्याआधीच त्यांची दृष्टी गेली. आयुष्यभर शिंपल्यांच्या रेघा आणि वळ्या मोजणारा माणूस, आणि डोळेच गेले! तरी काम थांबले नाही. ते सांगत आणि मुलगी लिहून घेई. आमच्या मते जिराफापेक्षा या मुलीची गोष्ट पाठ्यपुस्तकात यायला हवी होती.

१८ डिसेंबर १८२९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. घरात पैसा नव्हता. दफनाची जागा काही वर्षांच्या बोलीवर घेतलेली होती, पुढे अस्थी तेथून हलवल्या गेल्या आणि आज त्या कोठे आहेत याचा पत्ता नाही. शिंपल्यांचा संग्रह विकला गेला. तो हात बदलत बदलत स्वित्झर्लंडमध्ये पोचला आणि जिनिव्हाच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. पॅरिसच्या त्या उद्यानात १९०९ साली त्यांचा पुतळा उभारला. पुतळ्याच्या मागच्या बाजूला एक शिल्प कोरले आहे : अंध लामार्क बसले आहेत आणि शेजारी त्यांची मुलगी उभी आहे.