आंद्रेआस व्हेसालियस

आंद्रेआस व्हेसालियस (जन्म : ब्रुसेल्स, ३१ डिसेंबर १५१४; मृत्यू : झांते बेट, ऑक्टोबर १५६४) हे सोळाव्या शतकातील फ्लेमिश वैद्य, शल्यचिकित्सक आणि शारीरशास्त्रज्ञ होते. आधुनिक मानवी शारीरशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात. १५४३ मध्ये बाझेल येथे प्रसिद्ध झालेला 'दे हुमानी कॉर्पोरिस फाब्रिका' (मानवी शरीराच्या रचनेविषयी) हा त्यांचा सात भागांचा लॅटिन ग्रंथ वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रमुख ग्रंथ मानला जातो. शरीराच्या रचनेविषयी प्राचीन ग्रंथ काय सांगतो यापेक्षा प्रत्यक्ष शवविच्छेदनात काय दिसते याला अंतिम प्रमाण मानण्याची शिस्त त्यांनी या विषयाला लावली.

पार्श्वभूमी

व्हेसालियस यांच्या काळी युरोपातील विद्यापीठांमध्ये शारीरशास्त्राचे शिक्षण प्रामुख्याने गेलेन या ग्रीक वैद्याच्या ग्रंथांवर आधारलेले होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या गेलेन यांनी वैद्यकावर विपुल लेखन केले होते. रोमन समाजात मानवी शवाचे विच्छेदन करता येत नसल्याने त्यांनी माकडे, डुकरे, बैल इत्यादी प्राण्यांची शरीरे तपासली आणि त्यांवरून मानवी शरीराविषयी निष्कर्ष काढले. पुढे तेराशे वर्षे हे निष्कर्ष निर्विवाद मानले गेले.

मानवी शवाचे विच्छेदन विद्यापीठांत होत नसे असे नाही. इटलीत ते चौदाव्या शतकापासून होत होते. परंतु त्याची पद्धत ठरलेली होती. प्राध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचीत, खाली एक न्हावी-शल्यक शव कापी आणि तिसरा माणूस काठीने अवयव दाखवी. वाचणाऱ्याचा हात शवाला लागत नसे आणि कापणाऱ्याला लॅटिन कळत नसे. ग्रंथ आणि शरीर यांत विसंगती आढळली, तर ग्रंथाऐवजी समोरचे शरीरच सदोष ठरवले जाई.

बालपण आणि शिक्षण

व्हेसालियस यांचे घराणे पिढीजात वैद्यांचे होते. त्यांचे पणजोबा लूव्हेन विद्यापीठात अध्यापक होते, आजोबा राजवैद्य होते आणि वडील सम्राट पाचवा चार्ल्स याच्या पदरी औषधे तयार करणारे होते. घरात वैद्यकाची हस्तलिखिते होती. ब्रुसेल्समधील त्यांच्या घरापासून फाशी दिलेल्यांचे देह टांगून ठेवण्याची टेकडी जवळच होती, त्यामुळे मानवी देहाची अखेरची अवस्था त्यांनी लहानपणीच पाहिली असावी. बालवयात त्यांनी उंदीर, कुत्री, मांजरे अशा प्राण्यांचे विच्छेदन केल्याचे सांगितले जाते.

लूव्हेन येथे लॅटिन व ग्रीक भाषांचे शिक्षण घेऊन ते १५३३ मध्ये वैद्यकाच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले. तेथे याकोबस सिल्व्हियस आणि योहान गिंटर हे त्यांचे प्रमुख गुरू होते. दोघेही गेलेन यांचे निष्ठावंत अनुयायी होते. वर्गातील विच्छेदनावर समाधान न झाल्याने व्हेसालियस शहरातील जुन्या दफनभूमीत जाऊन तेथे साचलेली हाडे तासन्‌तास पाहत. डोळे बांधून केवळ स्पर्शाने हाड ओळखण्यात ते तरबेज झाले होते.

१५३६ मध्ये फ्रान्स आणि सम्राट चार्ल्स यांच्यात युद्ध पेटल्याने त्यांना पॅरिस सोडावे लागले. लूव्हेनला परतल्यावर घडलेला एक प्रसंग त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवला. गणितज्ञ मित्र गेम्मा फ्रिसियस यांच्यासह शहराबाहेर फिरत असताना त्यांना वधस्तंभाला टांगलेला एक सांगाडा दिसला. पक्ष्यांनी मांस खाऊन टाकले होते, पण अस्थिबंधांमुळे हाडे एकत्र टिकून होती. ती हाडे त्यांनी चोरून घरी नेली, साफ करून जुळवली आणि सांगाडा पॅरिसहून आणल्याची बतावणी केली. त्या काळी ज्ञानाची किंमत किती होती आणि ती कोणाच्या देहातून मोजली जात होती, हे या प्रसंगातून कळते. अभ्यासासाठी लागणारे देह प्रायः देहान्त शासन झालेल्यांचे असत. त्यांची संमती घेण्याची कल्पनाही त्या काळात नव्हती.

पादुआ येथील अध्यापन

१५३७ मध्ये व्हेसालियस इटलीतील पादुआ विद्यापीठात आले. त्या वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी वैद्यकातील डॉक्टर ही पदवी मिळवली आणि लगोलग शल्यचिकित्सा व शारीर या विषयांचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांच्या वयाची तेवीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

अध्यापनाची जुनी पद्धत त्यांनी मोडली. ते आसनावरून खाली उतरले, सुरी स्वतः हाती घेतली आणि कापणे, दाखवणे व समजावणे ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे आणली. शेजारी जोडलेला सांगाडा टांगलेला असे. आतील अवयव बाहेरून नेमके कोठे येतात हे ते शवावर रेखाटून दाखवीत. १५३८ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी सहा मोठे चित्रतक्ते प्रसिद्ध केले. त्यांपैकी तीन त्यांनी स्वतः काढले होते आणि सांगाड्याची तीन चित्रे यान स्टेफान फान काल्कार या चित्रकाराची होती.

हे तक्ते एका वेगळ्या कारणानेही महत्त्वाचे आहेत. त्यांत यकृत पाच खंडांचे दाखवले आहे आणि मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे 'अद्भुत जालक' काढले आहे. हे जालक मेंढी, बैल यांसारख्या प्राण्यांत असते, माणसात नसते. म्हणजे शवे हाताळूनही या वेळेपर्यंत व्हेसालियस गेलेन यांच्याच नजरेने पाहत होते. पुढे फाब्रिका ग्रंथात त्यांनी हे जालक माणसात नसल्याचे स्पष्ट केले आणि आपणही पूर्वी या भ्रमात राहिलो याबद्दल स्वतःलाच दोष दिला.

यानंतर पादुआतील एका न्यायाधीशाने देहान्त शासन झालेल्या गुन्हेगारांचे देह त्यांना उपलब्ध करून दिले, त्यामुळे एकच अवयव अनेक शरीरांत पडताळून पाहणे शक्य झाले. १५४० मध्ये बोलोन्या येथे केलेल्या जाहीर विच्छेदनात त्यांनी माणूस आणि माकड यांचे सांगाडे शेजारी ठेवले. गेलेन यांचे वर्णन कोठे कोठे माकडाला लागू पडते आणि माणसाला पडत नाही, हे तुलनेतून उघड झाले. गेलेन यांनी मानवी शव कधी विच्छेदिलेच नसावे, या निष्कर्षापर्यंत ते येऊन पोहोचले.

फाब्रिका ग्रंथ

या ग्रंथासाठी लागणारे लाकडी ठसे इटलीत कोरून घेण्यात आले. १५४२ मध्ये ते आल्प्स पर्वत ओलांडून बाझेल येथील मुद्रक योहानेस ओपोरिनुस यांच्याकडे पाठवण्यात आले. मुद्रणावर देखरेख करण्यासाठी व्हेसालियस स्वतः बाझेलला जाऊन राहिले. तेथे त्यांनी देहान्त शासन झालेल्या याकोब कारर या गुन्हेगाराच्या शवाचे जाहीर विच्छेदन केले. त्याचा सांगाडा बाझेलच्या शारीर संग्रहालयात आजही जतन केलेला आहे.

१५४३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा व्हेसालियस २८ वर्षांचे होते. योगायोगाने कोपर्निकस यांचा सूर्यकेंद्री विश्वरचना मांडणारा ग्रंथही त्याच वर्षी निघाला. फाब्रिका सम्राट चार्ल्स यास अर्पण केलेला होता. विद्यार्थ्यांसाठी 'एपिटोमे' नावाचे संक्षिप्त पुस्तकही सोबत काढण्यात आले आणि ते युवराज फिलिप यास अर्पण करण्यात आले.

ग्रंथाच्या सात भागांत अनुक्रमे अस्थी व कूर्चा, स्नायू व अस्थिबंध, रक्तवाहिन्या, मज्जातंतू, उदरातील व प्रजननाचे अवयव, हृदय व छातीतील अवयव आणि मेंदू यांचे वर्णन आहे. मांडणीचा क्रम घर बांधण्यासारखा आहे : आधी सांगाडा, मग त्याला हलवणारे स्नायू, मग त्यांचे पोषण करणाऱ्या वाहिन्या.

दोनशेहून अधिक चित्रे हे ग्रंथाचे मोठे वैशिष्ट्य आहे. ती व्हेनिसचे चित्रकार तिशियन यांच्या कार्यशाळेशी संबंधित कलाकारांनी काढली असावीत, असे मानले जाते. चित्रांतील देह मृतासारखे पडलेले नाहीत. ते निसर्गदृश्याच्या पार्श्वभूमीवर उभे आहेत आणि एकेका चित्रात स्नायूंचा एकेक थर उतरत जातो. अवयवांवर अक्षरे घालून मजकुरात त्यांचा निर्देश केल्याने चित्र आणि वर्णन परस्परांना पूरक झाले. मुखपृष्ठावर गच्च भरलेल्या प्रेक्षागृहात व्हेसालियस स्वतः विच्छेदन करताना दिसतात; पूर्वी हे काम करणारे न्हावी मेजाखाली बसून सुऱ्यांना धार लावीत आहेत. नव्या पद्धतीचा सारा आशय या एका चित्रात आला आहे.

गेलेन यांच्या वर्णनात व्हेसालियस यांनी दोनशेच्या आसपास दुरुस्त्या केल्या. त्यांपैकी काही पुढीलप्रमाणे :

खालचा जबडा : गेलेन यांच्या मते तो दोन हाडांचा असतो. व्हेसालियस यांनी तो प्रौढ माणसात एकाच हाडाचा असल्याचे दाखवले.

उरोस्थी : हे छातीचे हाड सात भागांचे मानले जाई. माणसात ते तीन भागांचे असते.

बरगड्या : स्त्रीपेक्षा पुरुषाला एक बरगडी कमी असते, अशी लोकसमजूत होती. दोघांनाही प्रत्येक बाजूस बारा बरगड्या असतात, असे त्यांनी नमूद केले.

हृदयातील पडदा : उजव्या व डाव्या निलयांमधील पडद्यात अदृश्य छिद्रे असून त्यांतून रक्त पलीकडे झिरपते, असे गेलेन यांचे मत होते. पहिल्या आवृत्तीत व्हेसालियस यांनी या छिद्रांविषयी केवळ आश्चर्य व्यक्त केले. १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र अशी छिद्रे आढळत नसल्याने रक्त पलीकडे कसे जाते हे आपल्याला उमगत नाही, अशी शंका उघडपणे मांडली.

विरोध आणि टीका

ग्रंथाचे स्वागत झाले तसा त्याला कडवा विरोधही झाला. सर्वांत तीव्र विरोध पॅरिसमधील गुरू सिल्व्हियस यांचा होता. १५५१ मध्ये त्यांनी व्हेसालियस यांच्याविरुद्ध एक पुस्तिका प्रसिद्ध केली आणि शिष्याच्या नावावर श्लेष करून त्यांना वेडा ठरवले. गेलेन चुकलेले नसून त्यांच्या काळानंतर मानवी शरीरच बदलले असावे, असा युक्तिवादही त्यांनी केला. शिष्याने आपली मते मागे घ्यावीत ही त्यांची अपेक्षा होती, पण व्हेसालियस यांनी ती मानली नाही.

व्हेसालियस यांच्याकडूनही चुका झाल्या. त्यांच्या आकृतीत उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा वर दाखवले आहे आणि नेत्रभिंग डोळ्याच्या मध्यभागी आहे. काही ठिकाणी त्यांनीही प्राण्यांच्या अवयवांचा आधार घेतला होता. पादुआतील त्यांचे उत्तराधिकारी रेआल्दो कोलोंबो यांनी अशा चुका वर्गात दाखवल्या, याचा व्हेसालियस यांना राग आला. तथापि त्यांचीच पद्धत त्यांच्यावर लागू झाली, हे त्या पद्धतीचे यशच म्हणावे लागेल.

राजवैद्य

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर लवकरच त्यांनी अध्यापन सोडले आणि सम्राट चार्ल्सच्या दरबारी वैद्य म्हणून रुजू झाले. टीकेने उद्विग्न होऊन याच सुमारास त्यांनी आपली अनेक अप्रकाशित टिपणे जाळून टाकली. पुढे त्यांना या कृतीचा पश्चात्ताप झाला. १५४४ मध्ये त्यांचा आन फान हामे यांच्याशी विवाह झाला. त्यांना एक मुलगी होती.

दरबारी सेवेत सैन्यासोबत जाऊन जखमींवर उपचार करणे आणि सम्राटाचा संधिवात सांभाळणे ही त्यांची मुख्य कामे होती. सवडीने त्यांनी फाब्रिकाची सुधारित आवृत्ती तयार केली. चार्ल्सने राज्यत्याग केल्यावर ते त्याचा पुत्र दुसरा फिलिप याच्या सेवेत आले. १५५९ मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री भाल्यांच्या खेळात डोळ्याजवळ जबर जखमी झाला, तेव्हा त्यांना तातडीने पॅरिसला बोलावण्यात आले. प्रसिद्ध शल्यचिकित्सक आंब्रोआझ पारे हेही तेथे होते. परंतु राजा वाचला नाही. १५६२ मध्ये स्पेनचा युवराज कार्लोस जिन्यावरून पडून डोक्याला मार लागल्याने अत्यवस्थ झाला. त्याच्या उपचारांत व्हेसालियस यांचा सहभाग होता. युवराज बरा झाला, पण त्याचे श्रेय मुख्यतः अंथरुणाजवळ आणलेल्या एका संतपुरुषाच्या अवशेषांना दिले गेले.

स्पेनमध्ये विच्छेदनाची संधी दुर्मीळ होती. पादुआतील गाब्रिएले फालोप्पियो यांचा शारीरविषयक ग्रंथ हाती पडताच त्यांनी त्यावर सविस्तर उत्तर लिहून पाठवले. परंतु ते पोहोचण्यापूर्वीच १५६२ मध्ये फालोप्पियो निधन पावले. हे उत्तर १५६४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झाले.

अखेरचा प्रवास आणि मृत्यू

१५६४ मध्ये व्हेसालियस स्पेन सोडून जेरुसलेमच्या यात्रेस निघाले. परतीच्या प्रवासात ग्रीसजवळील झांते (झाकिन्थोस) या बेटावर त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या दफनाची नेमकी जागा आज अज्ञात आहे.

या यात्रेविषयी एक आख्यायिका प्रचलित आहे. एका स्पॅनिश सरदाराचे शव उघडले असता हृदय धडधडताना आढळले, त्यामुळे व्हेसालियस यांना धर्मन्यायालयाने शिक्षा केली आणि राजाच्या मध्यस्थीने त्याऐवजी यात्रा ठरली, असे ही कथा सांगते. या घटनेला समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही आणि आजचे अभ्यासक ती खरी मानत नाहीत.

वारसा

व्हेसालियस यांच्यानंतर पादुआ हे शारीरशास्त्राचे प्रमुख केंद्र बनले. हृदयातील पडद्यासंबंधीच्या शंकेचे उत्तर पुढच्या पिढ्यांनी शोधले. कोलोंबो यांनी रक्त फुप्फुसांतून डाव्या बाजूस येते असे प्रतिपादन केले; आणि पादुआतच शिकलेल्या विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडला.

फाब्रिकाचे मूळ लाकडी ठसे सुमारे चारशे वर्षे टिकून होते. १९३४ मध्ये त्यांवरून पुन्हा चित्रे छापण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात म्यूनिकवर झालेल्या बॉम्बहल्ल्यांत ते नष्ट झाले. व्हेसालियस यांच्या वर्णनांतील अनेक तपशील आता मागे पडले आहेत. मात्र वैद्यकाच्या विद्यार्थ्याने मानवी शरीर स्वतःच्या हातांनी व डोळ्यांनी अभ्यासावे, हा त्यांचा आग्रह वैद्यकीय शिक्षणाचा पाया ठरला.